आखणी राहिलेला शिपाई

किन्हवलीहून सुटलेली एसटी ओढ्याजवळच्या खड्ड्यात आदळली आणि भर गाडीत फौज पळाली.

मागच्या बाकावरच्या एका तरुणाच्या मांडीवर बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा होता. तो उडाला, झाकण निघालं, आणि आतले बोटभर उंचीचे शिशाचे शिपाई वाट फुटेल तिकडे पांगले. कुणी बाकाखाली गेला, कुणी म्हाताऱ्याच्या घोंगडीत. एक तर कोंबडीच्या पाटीत शिरला आणि कोंबडीनं त्याला टोचून बघितलं. एकसष्ट सालचा आश्विन होता तो. बाहेर हस्ताचा पाऊस ताडपत्रीवर वाजत होता आणि आत उतारू पोट धरून हसत होते.

"गुरुजी, येवढ्या लोकांची तिकिटं काढलीत काय?" कंडक्टर जैतू ओरडला.

गुडघ्यांवर रांगत, एकेक शिपाई टिपत, तो तरुण पुढे सरकत राहिला आणि यमूच्या बाकाशी येऊन थांबला. यमू शहापूरच्या देवजी कुंभाराची लेक. मावशीकडून काकड्यांची पाटी घेऊन घरी निघाली होती.

"जरा पाय..."

"काय?"

"पाय उचलता का? खाली माझा घोडेस्वार आहे."

यमूनं पदराचा बोळा तोंडाशी धरला. "घोडा चावंल काय?"

"रंग सुद्धा राहिला नाय त्याच्यावर. दात कुठनं असतील?"

त्यानं वर पाहिलं. केसांवर धूळ, नाकावर धूळ, आणि चेहरा असा गंभीर की जणू खरंच रणांगणात जखमी शोधतोय. यमूला हसू आवरेना. तिनं पाय उचलले, पण नजर काही तिला लगेच उचलता आली नाही. शहापूर आलं, ती उतरली, आणि विषय संपला.

असं तिला वाटलं.

घरी येऊन पाटी उपडी केली तर काकड्यांतून एक शिपाई निघाला. डोक्यावर उंच टोपी, हातात बंदूक, कुठल्याशा इंग्रजी पलटणीचा. वर्षानुवर्षं पेटीत पडून रंगाचे पोपडे गेलेले, अंगावर राखेसारखा पांढरा थर आणि तोंडाच्या जागी नुसता उंचवटा. यमूच्या हाताला राहवेना. गणपती नुकतेच झाले होते, वाट्यांमध्ये रंग उरला होता. तिनं शिपायाला चिंच लावून घासला, धुतला आणि रंगवायला बसली. इंग्रज कसा दिसतो हे तिला कुठं ठाऊक! उंच टोपीची तिनं लाल पगडी केली, कोटाचा अंगरखा केला, कमरेला हिरवा शेला दिला, कपाळी गंध लावलं. शेवटी खारीच्या केसांच्या कुंचल्यानं दोन डोळे आखले आणि त्याला कोनाड्यात उभा केला.

पुढच्या रविवारी तो गुरुजी अंगणात हजर!

"एक शिपाई कमी भरतोय," तो देवजीला सांगत होता. "एकाहत्तरच आहेत. जैतू म्हणाला, काकड्यांच्या पाटीत बघा."

त्याचं नाव चंदर हरड. घर किन्हवलीचं. मुरबाडला शाळेत इतिहास शिकवायचा आणि तिथंच मामांकडे राहायचा. मामा पलटणीतले निवृत्त सुभेदार. त्यांच्या साहेबानं विलायतेला जाताना ही शिशाची फौज त्यांना दिली होती. सुभेदार मोठ्या लाकडी फळीवर वाळूचे डोंगर उभारत, जुन्या लढाया मांडत, फासे टाकून पावलापावलानं शिपाई हलवत आणि भाच्याला हरवत. मध्ये बरीच वर्षं फौज पेटीतच पडली होती. आता मोतीबिंदूनं मामांची नजर अधू झाली, तेव्हा त्यांना एकच ध्यास लागला होता. शहापूरजवळच्या माहुली गडाची लढाई एकदा मांडायची.

"रंग उडाल्यामुळे आपली माणसं कुठली, मोगल कुठले, त्यांना दिसत नाय," चंदर म्हणाला. "मागच्या लढाईत स्वतःच्याच घोडदळावर तोफ डागली. कल्याणच्या बोर्ड रंगवणाऱ्याकडे घेऊन चाललो होतो. तो म्हणाला, भावल्या रंगवायला येळ नाय."

यमूनं कोनाड्यातला शिपाई आणून त्याच्या तळहातावर ठेवला. चंदर बघतच राहिला.

"हा तर... हा मावळा झाला!"

"चुकलं काय?" यमू घाबरली.

"चुकलं? माहुलीला मावळेच लागतात! मामा नाचतील." मग तो एकदम थांबला. शिपाई डोळ्यांजवळ नेला. "हे डोळे मी बघितलेत. आमच्या घरच्या गणपतीचे. गणपती तुमच्याकडचाच असतो, देवजीदादा."

देवजी खाकरला.

आता इथं एक गुपित सांगायला हवं. देवजीच्या घराण्याचा रिवाज असा की मूर्तीचे डोळे अगदी शेवटी, गिऱ्हाईक न्यायला आलं की आखायचे, आणि आखणी झाली की मूर्ती घरात ठेवायची नाही. डोळे आले की देव नेणाऱ्याचा. गिऱ्हाईक अंगणात बसे, देवजी मूर्ती घेऊन गोणपाटाच्या पडद्याआड जाई, घटकाभरानं बाहेर येई. लोक म्हणत, डोळे आखावे तर देवजीनं! पण देवजीचा हात पाच वर्षांपासून थरथरत होता. पडद्याआड तो विडी ओढत बसायचा आणि आखणी करायची यमू. बाईमाणसानं देवाचे डोळे आखलेले लोकांना चालतील का, या भीतीनं बापलेकीनं तोंडं शिवून घेतली होती.

"बाबांनीच आखले," यमू म्हणाली.

देवजी चहाचा कप घेऊन पुढे आला. कप बशीवर किणकिण वाजत होता. चंदरनं कपाकडे पाहिलं, मग यमूच्या अंगठ्यावरच्या लाल रंगाकडे पाहिलं, आणि गप्प चहा प्यायला. देवजी आत गेल्यावर मात्र हळूच म्हणाला, "कुणाला सांगणार नाय."

"काय सांगणार नाय?"

"तेच. जे तुमी आत्ता लपवलंत."

यमूला राग यायला हवा होता. आला नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कुणीतरी तिचा हात ओळखला होता, आणि त्या रात्री तिला आनंदानं झोप लागली नाही, खरं सांगायचं तर.

फौजेचं काम यमूकडे आलं. चंदरनं दर रविवारी पाच शिपाई आणायचे आणि आधीचे पाच न्यायचे.

"सगळी एकदम का नाय आणत?" तिनं विचारलं.

"फौज तुकडी-तुकडीनं हलवावी, मामा म्हणतात."

"मामा म्हणतात की तुमी?"

"मामा... बहुतेक."

रिवाज शिपायांनाही लागू झाला. चंदर आला की यमू पडद्याआड जाऊन डोळे आखायची आणि तो अंगणात खांबाला टेकून बसायचा. मागच्या दाराशी देवजीचं चाक फिरत असे. गोणपाटाला एका जागी भोक होतं. त्यातून तिला तो दिसे, त्याला ती दिसत नसे. यमूला हा सौदा फार आवडला होता.

"झालं का?" तो बाहेरून विचारी.

"पाच जणांचे धा डोळे. येळ लागतो."

"लागू दे. मला घाई नाय... माहुली आज ढगात आहे."

"तुमी डोंगराकडं बघायला येता काय?"

"दुसरं काही दिसतच नाय ना इथनं. मध्ये पडदा आहे."

कुंचला हलला आणि एक मावळा थोडा तिरळा झाला. यमूनं तो पुसला. पुन्हा आखला. बाहेर बसलेल्या माणसाला कशाला सांगायचं, की शिपायाचा डोळा पुसताना आपले गाल तापले होते!

पहिली तुकडी परत आली ती रंग उडून. डिंकातला रंग सुभेदारांच्या घामेजल्या बोटांना लागून गेला होता. यमू खट्टू झाली, पण हरली नाही. तिनं राखेनं शिसं घासलं, पांढऱ्या तेलीरंगाचं अस्तर दिलं, दोन दिवस वाळवलं, वरून तेलीरंगच लावला. नखानं खरवडून बघितलं, ढिम्म हलला नाही. आता घासा म्हणावं!

तरी पुढच्या रविवारी तीन शिपाई सोललेले आले. त्याच्या पुढच्या रविवारी चार.

"मामा लई जोरात लढतात काय?" तिनं विचारलं.

"फार जोरात," चंदर म्हणाला आणि घाईघाईनं माहुलीकडे बघायला लागला.

यमूला ते लागलं. गणपतीचा रंग वर्षभर टिकतो आणि बोटभर शिपायाचा आठ दिवस टिकत नाही? कार्तिक गेला, मार्गशीर्ष गेला. शेतांत वाल फुलला. म्हसाची जत्रा भरली आणि उठली. ती रंग बदलून बघी, अस्तर जाड करी. आणि एके रविवारी एक सोललेला घोडेस्वार तिनं उन्हात धरला, तेव्हा तिला ओरखडे दिसले. सरळ, बारीक, एकाशेजारी एक. पगडीच्या घडीत निळा ठिपका होता. तिनं तो ओल्या बोटानं पुसला, बोट निळं झालं. शाई!

मामा कशाला शाईच्या टाकानं लढतील?

यमू मटकन खाली बसली. म्हणजे हा शहाणा दर आठवड्याला मुलांच्या वह्या तपासून झाल्या की त्याच टाकानं तिचे शिपाई सोलत होता. काम संपू नये म्हणून. रविवार संपू नये म्हणून. तिला आधी राग आला, आपल्या मेहनतीची ही गत! मग हसू आलं. मग एकदम रडूच आलं, कारण तिला कळलं की आपणही हेच करतोय. गेल्या तीन आठवड्यांपासून कोनाड्यात एक निशाणवाला उभा होता, अंगरखा, पगडी, हातात भगवं निशाण, सगळं पुरं. फक्त डोळे नव्हते. "तो वाळायचाय," असं ती दर रविवारी सांगत आली होती. पौषाच्या उन्हात तीन आठवडे कोण वाळतं?

तिनं घोडेस्वार पुन्हा रंगवला. पुढच्या रविवारी पडद्याआडून नुसतं म्हणाली, "गुरुजी, मुलांच्या वह्या लई असतात काय हो?"

"असतात... थोड्या." मग अगदी हळू, "का गो?"

"काय नाय. सहज."

त्या दिवशी तो तिला पहिल्यांदा 'तू' म्हणाला. "तुझा हात थंड पडला असंल, चहा घे आधी," एवढंच. यमूनं ते वाक्य आठवडाभर पुरवून पुरवून वापरलं.

पण जगात यमू आणि चंदर दोघंच थोडेच होते! माघात वाशिंदहून स्थळ आलं. कुंभाराचंच घर, मुलगा कारखान्यात, विडीचंही व्यसन नाही. देवजीला नाकारायला कारणच नव्हतं. तो म्हणाला, "यंदाचे गणपती होऊ द्या. मला एकट्याला झेपायचे नायत. मग सुपारी फोडू."

यमूनं चंदरला पडद्याआडून सांगितलं. भोकातून बघायचं धाडस मात्र त्या दिवशी झालं नाही.

"तू काय म्हणालीस?" त्यानं विचारलं.

"मला कुणी इचारलं नाय."

"मी विचारतोय."

"तुमी... काय इचारताय ते नीट इचारा ना."

"तुझ्याशिवाय रविवार कसा काढायचा ते विचारतोय. मी टाकानं शिपाई सोलतो, यमू. तुला ठाऊक आहे."

"ठाऊक हाय."

"आणि निशाणवाला?"

"तो वाळलाय. कवाच वाळलाय. आखणी झाली की जायचा, म्हणून ठेवलाय."

मागे देवजीचं चाक फिरायचं थांबलं होतं, पण हे त्यांच्या लक्षात आलं नाही.

चैत्रात लढाई ठरली. सुभेदारांनी निरोप पाठवला, फौज रंगवणाऱ्या लेकीला घेऊन देवजीनं बघायला यावं. मुरबाडला मामांच्या ओटीवर फळी मांडली होती. वाळूचा माहुली, भाताच्या तुसाचं रान, शेणाच्या गोळ्यांचे बुरूज. चंदरची आई सकुबाईही किन्हवलीहून भावाकडे आली होती. धनी गेल्यापासून चार बिघे भातशेती एकटीनं राखणारी, ताठ मानेची बाई.

सुभेदार मावळ्यांच्या बाजूनं बसले, चंदर मोगलांच्या. मामांना आता रंगसुद्धा जेमतेम दिसत होते. ते शिपाई चाचपून ओळखत. पहिला हल्ला फसला. फासे काही केल्या पडेनात. यमूनं लढाईपुरता बिनडोळ्यांचाच आणलेला निशाणवाला सुभेदारांनी उचलला, बोटांनी चाचपला. मग शेजारचा घोडेस्वार चाचपला आणि ते हसायला लागले.

"देवजी, तुझी लेक शिपायांना किती वेळा रंग देते रे?"

"एकदा, सुभेदार. तेलीरंग हाय."

"मग ह्या घोडेस्वाराच्या अंगावर सहा अंगरखे कशे? आन् निशाणवाल्याला तीन म्हैने झाले तरी डोळे कशे नाय? मला दिसत नाय, पण माझी बोटं आंधळी नायत. चंदर, माझी फौज तू सोलतोस!"

चंदरनं मान खाली घातली. "होय, मामा."

"कशापायी?"

"यमूकडं जायला मिळावं म्हणून."

सकुबाई उठून उभी राहिली. "बरा धंदा लावलास! दादा, हसू नको. कुंभाराच्या घरची मडकी आपल्या घरात येतात, गणपती येतो. पोर नाय येत सून म्हणून. लोक काय म्हणतील?"

यमूला धरणी दुभंगावी असं वाटलं. तिनं पायांकडे पाहिलं. आणि मग तिला बापाचा आवाज ऐकू आला, कधी नव्हे इतका स्थिर.

"सकुबाय, तुमच्या घरी गणपती माझाच ना? पाच वर्सं?"

"हो. मग?"

"त्याचे डोळे माझे नायत. माझा हात थरथरतो. डोळे हिचे हायेत."

सकुबाई बघतच राहिली. तिचा चेहरा उतरला. देवजीनं यमूचा हात धरला आणि दोघं स्टँडकडे चालू लागले. लढाई तशीच राहिली, पहिल्या हल्ल्यावर.

गाडीत देवजी एकदाच बोलला. "आता आपले गणपती कोण नेल कुणास ठाऊक." मग बऱ्याच वेळानं, "चाक थांबवून ऐकलं होतं मी, त्या दिवशी." यमूनं बापाच्या थरथरत्या हातावर आपला हात ठेवला.

त्यानंतर रविवार आले, पण रिकामे. शहापूरला जायचं नाही, अशी आईनं चंदरला शपथ घातली होती. एसटीचा भोंगा वाजला की यमूचं काळीज दारात जाई आणि तसंच परत येई. वैशाख असा गेला की विचारू नका.

ज्येष्ठात एक दिवस जैतू कंडक्टर अंगणाशी आला. हातात बिस्किटांचा डबा. "गुरुजींनी शपथ पाळलीय," तो डोळे मिचकावत म्हणाला. "त्ये आलं नाय. डबा आला."

डब्यात निशाणवाला होता. नखशिखांत सोललेला, नुसतं शिसं. सोबत वहीचा चतकोर कागद. यमू चौथी शिकली होती. तिनं बोट फिरवत वाचलं.

'माहुली पहिल्या हल्ल्यात मिळाली नव्हती. दुसऱ्या वेळेस मिळाली.'

तिनं निशाणवाला रंगवला आणि जैतूच्या हाती परत पाठवला. डोळे न आखता. आठ दिवसांनी तो पुन्हा सोलून आला. तिनं पुन्हा रंगवला. पावसाळाभर तो बिचारा शिपाई मुरबाड ते शहापूर येरझारा घालत राहिला. रस्त्यावर चिखल, ओढ्यांना पूर, कधी गाडी किन्हवलीलाच अडकून पडे, पण निशाणवाला पोचायचाच. यमू त्याला रंगवताना मुद्दाम वेळ लावी. त्याच्या अंगावरच्या ओरखड्यांवरून बोट फिरवी. जिथं तिचं बोट होतं तिथं चार दिवसांपूर्वी त्याचं होतं, एवढ्यावर तिनं दिवस काढले. दुसरं होतंच काय तिच्याजवळ?

देवजीनं मूर्ती घडवल्या, भीत भीत. पण आश्चर्य असं की नेहमीची सगळी गिऱ्हाइकं आली. सकुबाईनं मुरबाडची गोष्ट कुणापाशी काढली नव्हती. वाशिंदवाल्यांचा मात्र निरोप आला, चतुर्थी झाली की पाचव्या दिवशी सुपारी. यमूनं देव पाण्यात घातले होते, आणि देव तर फळीवर रांगेनं बसले होते, बिनडोळ्यांचे.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी एकच मूर्ती उरली. किन्हवलीच्या हरडांची. सकाळ गेली, दुपार कलली. अंगणात शेवटची दोन-चार गिऱ्हाइकं आखणी झालेल्या मूर्ती पाटावर ठेवून गाडीची वाट बघत बसली होती. तेवढ्यात शेवटच्या गाडीचा भोंगा वाजला आणि थांबून थांबून वाजतच राहिला. जैतू मुद्दाम वाजवायला लावत होता.

पुढे सकुबाई, हातात पाट आणि लाल फडकं. मागे काठी टेकत सुभेदार. त्यांचा हात धरून चंदर, वाळलेला, दाढी वाढलेली, आणि नजर थेट पडद्याच्या भोकावर. भोक त्याला पहिल्यापासून ठाऊक होतं तर!

सकुबाई अंगणात बसली. सवयीनं देवजीनं मूर्ती उचलली आणि पडद्याकडे वळला.

"देवजीदादा," ती म्हणाली, "तुमी आत जाऊन काय करता?"

देवजी थांबला.

"दर साली बघते, पडद्यावरनं धूर येतो. आखणी करणाऱ्या माणसाला इडी ओढायला कशी जमते, हे माझ्या मेलीच्या टकुऱ्यात कदी आलं नाय." तिनं पदर सावरला. "पडदा काढा."

अंगणातली माणसं एकमेकांकडे बघायला लागली. देवजीचे हात गाठीशी गेले, पण थरथरत्या बोटांना गाठ सुटेना. मग आतूनच एक हात आला, रंगानं माखलेला, आणि गोणपाट खाली आलं.

यमू उन्हात उभी होती. हातात खारीच्या केसांचा कुंचला.

"आख," सकुबाई म्हणाली. "माझ्यासमोर."

यमू खाली बसली. तिनं कुंचला रंगात बुडवला. पापणीची रेघ, बुबुळ, त्यात पांढरा ठिपका. दुसऱ्या डोळ्याची रेघ. ठिपका पडला आणि गणपती बघायला लागला.

सकुबाई पुढे वाकली. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी येत होतं. "हेच डोळे. धनी अंथरुणात होते त्या वर्सी सगळं ह्यांनाच सांगत होते मी. घरात दुसरं ऐकणारं कोण होतं?" तिनं डोळे पुसले आणि अंगणातल्या लोकांकडे एकवार असं पाहिलं की कुणाची ब्र काढायची छाती झाली नाही. "चार म्हैने इचार केला. ज्या हातापुढं हात जोडले, त्या हाताला घरात घ्यायला मी नको म्हंते. देवाला काय तोंड दाखवू?"

ती देवजीकडे वळली. "आखणी झाली की घरात ठेवायचं नाय, असा ना तुमचा रिवाज?"

"होय," देवजीनं कसंबसं म्हटलं.

"मग वाशिंदला निरोप धाडा. गणपती आज नेते. आखणारीला तुळशीचं लगीन झालं की."

सुभेदारांनी काठी आपटली. "पडली माहुली!" ते ओरडले आणि जैतूनं रस्त्यावरून पुन्हा भोंगा वाजवायला लावला.

सगळी माणसं मूर्तीभोवती जमली तेव्हा चंदर खांबाशी आला. त्याच जुन्या जागी. आता मध्ये काहीच नव्हतं. त्यानं खिशातून निशाणवाला काढून पुढे केला. यावेळी रंग शाबूत होता.

"ह्याला सोलला नाय?" यमूनं विचारलं.

"नाय. पण ह्याची आखणी राहिलीय."

यमूनं शिपाई हातात घेतला, त्याच्या कोऱ्या चेहऱ्यावरून अंगठा फिरवला, आणि पुन्हा चंदरच्या मुठीत ठेवून मूठ मिटली. तिचा हात तिथंच राहिला.

"राहू दे," ती म्हणाली. "तिकडं आल्यावर करीन."